खर्जवाला नाही हो, बॅरिटोन! (वाचकांचे प्रश्न)

गेल्या महिन्यात या पानावर दमित्री ह्वोरोस्तोव्स्की या रशियन ऑपेरागायकाबद्दल (ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, आणि याच्या आवाजाचा प्रकार बॅरिटोन) जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही दुसऱ्याच एका प्रश्नाच्या ओघात, आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळी अख्खं पान त्यालाच देऊन टाकतेय. ते आडनाव लिहिताना माझा हात दरवेळी अडखळतो, म्हणून पुढे त्याला दिमा म्हणणार. रशियात दमित्रीचं लाडकं नाव तेच, आणि त्याचे चाहतेही त्याला तेच म्हणायचे, त्यामुळे आगाऊपणा समजू नये.

प्रश्न : बॅरिटोन म्हणजे आपल्याकडे खर्जात गातो तो माणूस का? आमचे वडील भजनात असा खर्ज लावायचे की समईची ज्योत हलायची. ते बॅरिटोन होते म्हणायचे का? (एक वाचक, सांगली)

समईचं माहीत नाही काका, पण नुसत्या खर्जावर बॅरिटोन होत नाही. हा गैरसमज मलाही बरीच वर्षं होता. त्यात नावही फसवं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच जड, खोल आवाजाचा असा आहे.

आपल्या भाषेत मांडून बघू. समजा गायकाचा सा पांढरी एकला आहे. तर ऑपेरातल्या बॅरिटोनला मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत, म्हणजे चोख दोन सप्तकं, भरल्या आवाजात गाता यायला हवीत. खालचं टोक तुमच्या वडिलांना आरामात जमलं असेल. वरचं बघा. तार पंचमाला नुसतं शिवून परत फिरायचं नाही, तिथे ठाण मांडून उभं राहायचं, आणि समोर रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठसत्तर वादक जोर लावतायत. त्याच्याही खाली मंद्र गंधारापर्यंत जो उतरतो तो बास, आणि वर अतितार षड्जाला जाऊन भिडतो तो टेनर. बॅरिटोन मधला. म्हणजे बहुतेक पुरुषांचा आवाज मुळात ज्या भागात असतो तिथलाच, आणि म्हणूनच स्पर्धा भयंकर.

आता याच्यातली खरी गंमत. आपल्याकडे गायक येतो, पेटीवाल्याला सांगतो काळी एक धर, संपला विषय. जुन्या संगीत नाटकातसुद्धा पायपेटीवाला नटाच्या गळ्याप्रमाणे पट्टी धरायचा. पद तेच, पट्टी ज्याची त्याची. ऑपेरात हे जवळजवळ चालतच नाही. व्हर्दी या इटालियन संगीतकाराने १८५१ साली रिगोलेत्तो हा ऑपेरा लिहिला तेव्हा कागदावर जे स्वर मांडले ते आजही तिथेच आहेत, तुमचा गळा तिथे पोचत असेल तर तुम्ही रिगोलेत्तो, नसेल तर घरी जा. म्हणून तिकडे आवाजाचा प्रकार म्हणजे जवळपास जात असल्यासारखी गोष्ट आहे, कुठली भूमिका मिळणार, कुठल्या वयात मिळणार, सगळं त्यावर. मोझार्टच्या काळात बास आणि बॅरिटोन असा फारसा भेद कोणी करत नव्हतं, पण व्हर्दीने खालच्या आवाजाच्या पुरुषांना सतत वरच्या पट्ट्यात राबवलं आणि त्यातून ही वेगळी जमात पक्की झाली. आजही 'व्हर्दी बॅरिटोन' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो कोणाला लावायचा यावरून ऑपेराप्रेमी आपल्याकडच्या घराणेवाल्यांसारखेच भांडतात.

प्रश्न : सैबेरियातला मुलगा एकदम न्यूयॉर्कला कसा पोचला? तिथे बर्फाशिवाय काही असतं का? (एक वाचक, नाशिक)

बर्फाशिवाय बरंच असतं. सैबेरियातलं क्रास्नोयार्स्क हे मोठं औद्योगिक शहर आहे आणि तिथे स्वतःचं ऑपेरा थिएटर आहे, कलाशिक्षणाची संस्था आहे. सोव्हिएत काळाबद्दल बाकी काय बोलायचं ते बोला, पण आडगावातसुद्धा पियानो शिकवणारा मास्तर सरकारी पगारावर बसवून ठेवलेला असायचा.

दिमा तिथलाच, जन्म १६ ऑक्टोबर १९६२. वडील इंजिनिअर पण गाण्याचं आणि पियानोचं वेड असलेले, आई डॉक्टर. पोरगं मात्र वयात आल्यावर रॉक बँडमध्ये गायला लागलं आणि रस्त्यावर मारामाऱ्या करायला लागलं. मग तिथल्याच संस्थेत येकातेरिना योफेल नावाच्या बाईंकडे शिकला, आणि त्या बाईंनी त्याच्या श्वासावर जे काम केलं ते त्याला आयुष्यभर पुरलं. १९८५ ते १९९० तो क्रास्नोयार्स्कच्याच थिएटरात नोकरीला होता. पहिली भूमिका कुठली माहितीये? रिगोलेत्तोमधला मारुल्लो. मारुल्लो म्हणजे दरबाऱ्यांच्या घोळक्यातला एक, चार ओळी त्याच्या वाट्याला, प्रेक्षक घरी जाईपर्यंत त्याला विसरलेले असतात. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणारे.

१९८७ ला देशातली ग्लिंका स्पर्धा जिंकला, १९८८ ला फ्रान्समधली तुलूझची, आणि १९८९ ला कार्डिफ. कार्डिफची ही गायनस्पर्धा बीबीसी वेल्सने १९८३ मध्ये सुरू केलेली, साधारण दर दोन वर्षांनी होते आणि टीव्हीवर दाखवतात. त्या वर्षी समोर होता ब्रिन टर्फेल, यजमान वेल्सचाच पोरगा, धिप्पाड, घरचं पब्लिक पाठीशी. त्या सामन्याला लोक अजून 'बॅरिटोनची लढाई' म्हणतात. दिमाने व्हर्दीच्या डॉन कार्लोमधलं पोझा या पात्राचं मरतानाचं गाणं असं काही गायलं की मुख्य बक्षीस तो घेऊन गेला. टर्फेलला त्याच वर्षी नव्याने सुरू केलेलं कलागीतांचं (पियानोच्या साथीने गायच्या सुट्या गीतांचं) बक्षीस मिळालं, आणि पुढे करिअर दोघांचंही दणदणीत झालं, त्यामुळे हरलं कोण हा प्रश्नच आहे.

पण मला विचाराल तर नशिबाचा भाग तारखेत होता. दहा वर्षं आधी हाच मुलगा जिंकला असता तरी त्याचे परदेश दौरे गोसकॉन्सर्ट या सरकारी एजन्सीने ठरवले असते आणि मानधनाचा मोठा वाटाही तिनेच ठेवला असता. १९८९ च्या जूनमध्ये तो जिंकला आणि नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली! दार उघडलं तेव्हा हा उंबऱ्यावरच उभा होता.

तरीही एका उडीत न्यूयॉर्क नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये नीस, १९९२ ला लंडनचं कोव्हेंट गार्डन, १९९३ ला शिकागो, आणि न्यूयॉर्कच्या मेटमध्ये, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेरात, पहिलं पाऊल १९९५ ला. तेही रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या 'हुकुमाची राणी'मधला राजपुत्र येलेत्स्की म्हणून, ज्याला सगळ्या ऑपेरात धड एकच मोठं गाणं आहे. जगातली एवढी मोठी स्पर्धा जिंकून सहा वर्षांनी एक गाणं. आपल्याकडे रिअॅलिटी शो जिंकून सहा महिन्यांत अल्बम, युरोप टूर आणि परीक्षकाची खुर्ची मिळते, असो.

प्रश्न : माइक नसतो हे खरं का? की आतून कुठेतरी लपवतात? (एक वाचक, कोल्हापूर)

खरंच नसतो. मेटमध्ये ३८०० च्या आसपास लोक बसतात आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द ऐकू येतात, निदान यायला हवेत.

हे नुसत्या जोरावर होत नाही, जोर लावला तर दोन वर्षांत गळा बाद. शास्त्र असं की वाद्यवृंदाची सगळ्यात जास्त ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जाल तशी ती झपाट्याने उतरते. तयार गायक घशाची पोकळी अशी काही आकारात आणतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जादा धार तयार होते, म्हणजे नेमकी तिथे जिथे वाद्यवृंद दमलेला असतो. योहान सुंडबेरी नावाच्या स्वीडिश संशोधकाने यावर पुष्कळ काम केलंय. बाजारातली भाजीवाली आठवा, ट्रकच्या हॉर्नमधूनही तिची मेथी तुमच्या चौथ्या मजल्यावर पोचतेच ना, ती काही ट्रकपेक्षा मोठ्याने ओरडत नसते. तत्त्व तेच, फक्त गायकाला ती धार लावून वर मखमल पण पांघरायची असते.

प्रश्न : बॅरिटोनला नेहमी खलनायक नाहीतर बापच का करतात? (एक वाचक, ठाणे)

कारण हिरोईन टेनरला जाते. बॅरिटोन मधे येतो, कधी मत्सराने (इल त्रोवातोरेमधला काउंट), कधी घराण्याच्या इज्जतीसाठी (ला त्राव्हियातामधला बाप जेर्मोंट, १८५३ पासून तो दर रात्री त्या बिचारीला मुलाचा नाद सोड सांगतोय). त्यातल्या त्यात चायकोव्स्कीचा ओनेगिन हा नायक आहे पण त्यालाही शेवटी नायिका नकारच देते. येलेत्स्कीचंही लग्न मोडतं, फक्त तो जुगारात समोरच्याला हरवतो तेवढंच समाधान. दिमाची गंमत अशी की तिशीतच पांढरे झालेले केस, असला रुबाब, त्यामुळे प्रेक्षकांना प्रश्न पडायचा की ही बाई त्या टेनरमागे का धावतेय.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, आवाज फुटल्यावर एकदम भारदस्त झालाय, चर्चच्या क्वायरमध्ये मित्रांबरोबर गायला जातो आणि आता म्हणतो ऑपेरा सिंगर होणार. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरलेला नाही. काय सांगू? (एक आई, पुणे)

ताई, आधी फॉर्म भरा. मग पुढचं वाचा.

सतरा हे बॅरिटोनसाठी वयच नाही. आत्ता जो आवाज ऐकू येतोय तो त्याचा आहे की यूट्यूबवर ऐकलेल्या कोणाचा, हे त्यालाही माहीत नसणार. या वयातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे घसा आत दाबून पन्नाशीतल्या माणसासारखा काळाकुट्ट आवाज काढणे. ऐकायला भारी वाटतं, आई-वडील रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाकतात, आणि वरचे स्वर कायमचे अडकतात. त्याला हलकी जुनी इटालियन गाणी गाऊ दे, आणि मोठी व्हर्दीची गाणी बाथरूमपुरती ठेवायला सांगा. या आवाजाचा बहर चाळिशी-पन्नाशीत येतो. दिमा मेटमध्ये व्हर्दीच्या सिमोन बोक्कानेग्राची भूमिका गायला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. इटलीचा लेओ नुच्ची पाचशेहून जास्त वेळा रिगोलेत्तो गायला आणि सत्तरी ओलांडल्यावरही गात होता. म्हणजे घाई करून काहीही मिळणार नाहीये. या धंद्यात लोक टिकतात ते कुठल्या भूमिकेला 'आत्ता नको' म्हणायचं हे कळल्यामुळे, आणि ते म्हणणं फार अवघड, कारण समोरून चेक दिसत असतो.

क्वायर सोडू देऊ नका. ताना-आलाप नाही पण स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) झटकन वाचता येणं, दुसऱ्याच्या आवाजात आपला मिसळणं, हे तिथेच फुकट शिकायला मिळतं. गोव्यात पूर्वी चर्चच्या शाळांतून असेच वादक तयार व्हायचे आणि मुंबईच्या वाद्यवृंदांत भरायचे. भाषा लावा, इटालियन आणि जर्मन आधी, फ्रेंच नंतर, रशियन जमली तर. पुण्यात जर्मन शिकवणारे पैशाला पासरी आहेत. पियानो थोडा तरी यायला हवा. आणि एक मानसिक तयारी, आपल्याकडची तालीम मनोधर्माची असते, इथे मात्र एका स्वरावर किती वेळ थांबायचं हेही दुसऱ्याने लिहून ठेवलेलं असतं, काही मुलांना हे बेडीसारखं वाटतं.

वाट नाहीच असं नाही. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (बायकांतला सगळ्यात उंच आवाज) पॅट्रिशिया रोझारिओ लंडनला शिकल्या, जगभर गायल्या, आणि आता 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' या उपक्रमातून इकडच्या मुलांना शिकवतात. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस तेवीस वर्षं बंद राहून २०१६ च्या ऑक्टोबरात उघडलं तेव्हा पहिल्या कार्यक्रमात त्याच गायल्या. ऑस्कर कॅस्टेलिनो हा मुंबईचाच बॅरिटोन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकून तिकडे गातोय. मुलाला एकदा नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात घेऊन जा, तिथे मेटचे ऑपेरे पडद्यावर दाखवतात. मी आयुष्यातला पहिला अख्खा ऑपेरा तिथेच बघितला आणि पहिल्या अंकात झोपले होते, हे त्याला सांगू नका.

पैशाचं पण ऐका, कारण ते कोणी सांगत नाही. नावाजलेल्या गायकाला पगार नसतो, प्रयोगाला पैसे मिळतात. सर्दी झाली, गायला नाही, तर साधारणपणे पैसे नाहीत. नवीन नाटक बसवायचं तर चार-सहा आठवडे तालमी, त्या काळात राहण्याखाण्याचा खर्च बहुतेक वेळा स्वतःचा, एजंटचा वाटा वेगळा. मोठ्या थिएटरांचे करार तीन ते पाच वर्षं आधी होतात, म्हणजे २०३० मध्ये आपला गळा कसा असेल यावर आज सही करायची! करोनात मेट मार्च २०२० ला बंद झालं ते सप्टेंबर २०२१ ला उघडलं, आणि करारावर फिरणाऱ्या कितीतरी गायकांच्या हातात काहीच पडलं नाही. स्थिर नोकरी हवी तर जर्मनीकडे बघावं लागतं, तिथे ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं आहेत आणि बरीचशी आपल्या पदरी गायक ठेवतात, महिन्याच्या महिन्याला पगार, आज मोझार्टच्या ऑपेरातला पापागेनो, म्हणजे मोठी भूमिका, तर उद्या ताटं घेऊन उभा राहणारा नोकर. माझ्या मते तरुण बॅरिटोनसाठी हीच सगळ्यात चांगली शाळा. पण तिथे पोचायलाही परदेशी शिक्षण लागतं आणि त्याची फी ऐकून चक्कर येते, म्हणून स्कॉलरशिपशिवाय विमानात बसवू नका. फॉर्म भरला का?

प्रश्न : मराठी मासिकात कोणा रशियन गवयावर जागा कशाला? आपले काय कमी आहेत? (एक वाचक, गाव लिहिलेलं नाही)

आपले कमी नाहीत, म्हणून तर त्यांच्यावर दर महिन्याला असतं. आणि गेल्या महिन्यात चारच ओळी होत्या, त्याचं पान तुमच्या प्रश्नांनी झालं.

प्रश्न : तो आजारी असताना गायला आणि लोकांनी फुलं फेकली असं तुम्ही लिहिलं होतं. नक्की काय झालं होतं? आणि त्याचं एकच काहीतरी ऐकायचं तर काय ऐकू? (एक वाचक, बडोदा)

२०१५ च्या जूनमध्ये त्याला मेंदूत गाठ असल्याचं कळलं. उपचार लंडनला सुरू झाले, आणि ते चालू असतानाच सप्टेंबरात तो मेटमध्ये तीन प्रयोगांसाठी आला, इल त्रोवातोरेमधला तोच मत्सरी काउंट करायला. त्याने रंगमंचावर पाऊल टाकलं आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळ्या पडायला लागल्या, थांबेचनात, शेवटी काउंटची अकड सोडून त्याने छातीवर हात ठेवला. प्रयोग संपल्यावर खड्ड्यातल्या वादकांनी त्याच्यावर पांढरे गुलाब फेकले. वादक! जे लोक घड्याळाकडे बघत वाद्य पेटीत भरतात ते.

पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात त्याने जाहीर केलं की तोल सांभाळता येत नाही म्हणून आता नाटकातली कामं बंद, फक्त मैफली करेन. जून २०१७ मध्ये क्रास्नोयार्स्कला जाऊन गायला, एक हात गळ्यात बांधलेला होता, आपल्या गावच्या लोकांना शब्द दिला होता म्हणून. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला लंडनमध्ये गेला, पंचावन्नाव्या वर्षी. अर्ध्या अस्थी मॉस्कोत आहेत, अर्ध्या क्रास्नोयार्स्कला.

आता काय ऐकायचं. श्वास ऐकायचा असेल तर येलेत्स्कीचं गाणं ऐका, हेडफोन लावून. ओळ संपली असं वाटतं आणि ती संपत नाही, तुमचाच जीव गुदमरायला लागतो, आणि मग मधेच नाकातून जोरात हवा ओढल्याचा आवाज येतो. समीक्षक त्या आवाजावरून नाकं मुरडायचे. मला तोच आवडतो, मखमलीखाली काम करणारा माणूस आहे हे कळतं.

पण एकच म्हणाल तर ७ मे २०१७ ची मेटची मैफल. मेटला लिंकन सेंटरच्या इमारतीत येऊन पन्नास वर्षं झाली होती त्याचा सोहळा. त्याचं नाव कार्यक्रमात जाहीर केलेलं नव्हतं. तो आला आणि रिगोलेत्तोचं 'कॉर्तिजानी' गायला. प्रसंग असा की दरबाऱ्यांनी रिगोलेत्तोची मुलगी पळवून आणलीये आणि हा कुबडा विदूषक आधी त्यांच्यावर शिव्याशाप देत तुटून पडतो, मग हळूहळू त्याचा जोर ओसरतो आणि तो भीक मागायला लागतो, मुलगी परत द्या म्हणून. आणि त्या सगळ्या घोळक्यातून तो एकाच माणसाचं नाव घेऊन विनवणी करतो, तुझं तरी मन मोठं आहे, तू तरी सांग ती कुठे आहे.

ते नाव मारुल्लो.